‘स्टँडबाय’नंतरची ९० सेकंदे: खराब हवामानातील हवाई वाहतूक नियंत्रण सेवेचे परीक्षण

हवाई वाहतूक नियंत्रण ही अशी सेवा आहे की जिच्या ग्राहकाला दुकान बदलता येत नाही. ज्या आकाशातून जायचे तिथला कक्ष एकच, त्याची फ्रिक्वेन्सी एकच आणि त्या घटकेला खुर्चीवर बसलेला नियंत्रकही एकच. पटला तरी तोच, न पटला तरी तोच. वीस-बावीस वर्षे, आधी सहवैमानिकाच्या उजव्या आणि मग कॅप्टनच्या डाव्या आसनावर बसून, मी ही सेवा कानांनी घेत आलो आहे, आणि तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे असे मला वाटते. निरभ्र दिवसाचे परीक्षण मात्र मी करणार नाही, कारण त्या दिवशी सगळेच कक्ष चांगले असतात. समोर गडगडाटी ढगांची भिंत उभी राहिली, धावपट्टीवर धुके उतरले किंवा वारा अचानक फिरला म्हणजे या सेवेत खरोखर काय आहे ते कळते.

गुण देण्यापूर्वी या सेवेने कबूल काय केले आहे ते पाहिले पाहिजे, कारण अर्धी नाराजी तिथल्या गैरसमजातून येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अकराव्या परिशिष्टात या सेवांची पाच उद्दिष्टे दिली आहेत: विमानांची आपसांत टक्कर होऊ न देणे, जमिनीवर फिरणारे विमान अडथळ्यावर आदळू न देणे, वाहतूक वेगाने आणि शिस्तीने चालू ठेवणे, उड्डाणाला उपयोगी पडेल असा सल्ला आणि माहिती देणे, आणि शोध व बचावाची गरज पडल्यास संबंधितांना कळवणे. विमानाला ढगापासून दूर ठेवणे हे या यादीत नाही. ढग टाळण्याचा निर्णय वैमानिकाचा असतो. त्यासाठी लागणारी जागा दुसऱ्या विमानापासून मोकळी करून देणे हे नियंत्रकाचे काम. ती जागाही ठरलेली असते: रडारखाली साधारणपणे वरच्या आकाशात ५ सागरी मैल, विमानतळाच्या जवळपास ३ मैल, आणि उंचीत १,००० फूट. हे ५ मैल ऐकायला पुष्कळ वाटतात. पण समोरासमोर येणारी दोन जेट विमाने मिनिटाला प्रत्येकी ८ मैल कापत असतात, म्हणजे दोघांमधले ५ मैल १९ सेकंदांत संपतात.

खराब हवामानात विमानांची संख्या वाढत नाही, काम वाढते. हे वाक्य सोपे आहे, पण या सेवेचे नियोजन करणाऱ्यांनाही ते पुरते पचलेले नाही असे मला अनेकदा वाटले आहे. एखाद्या सेक्टरची, म्हणजे एका खुर्चीकडे सोपवलेल्या आकाशाच्या तुकड्याची, क्षमता मोजताना ताशी किती विमाने आत येतील हा आकडा धरला जातो. चांगल्या दिवशी त्यातले प्रत्येक विमान आत आल्याचे सांगते, एखाद-दुसरी उंची बदलून घेते आणि पुढच्या फ्रिक्वेन्सीवर निघून जाते. येण्याचे आणि जाण्याचे मार्ग मुळातच एकमेकांपासून वेगळे आखलेले असतात, त्यामुळे निम्मे काम नकाशानेच करून ठेवलेले असते. ढगांची रांग आडवी आली की पहिला बळी त्या नकाशाचा जातो. येणारे आणि जाणारे दोघेही दोन ढगांमधल्या एकाच फटीकडे वळतात; एकाला डावीकडे वीस अंश हवे असतात, दुसऱ्याला उजवीकडे तीस, तिसरा वर चढायला मागतो आणि त्याच्या डोक्यावर चौथा असतो. ज्याला वळू दिले त्याला परत मार्गावर कधी आणायचे हे नियंत्रकाला ठाऊक नसते, कारण ते ढगाच्या हातात असते. प्रत्येक वळणासाठी शेजारच्या सेक्टरला फोन करावा लागतो, आणि तो फोन चालू असताना रेडिओवर आणखी दोन मागण्या येऊन पडलेल्या असतात. विमाने तितकीच, बोलणे तिप्पट, आणि दिवसातले तास व माणसाचे कान मात्र होते तेवढेच.

या सेवेत सर्वांत दुर्मीळ माल कोणता असे कोणी विचारले तर मी धावपट्टी म्हणणार नाही. फ्रिक्वेन्सीवरची मोकळी सेकंदे म्हणेन. आमचा रेडिओ आजही जुन्या पद्धतीचा, म्हणजे एएम, आहे आणि त्यावर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्याच्या कानात एक कर्कश शिट्टी येते. ती शिट्टी निदान ‘दोघे बोलले’ एवढे तरी सांगते, आणि तिचा तेवढा उपयोग मी मान्य करतो. तिची किंमत काय होऊ शकते हे २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेच्या धावपट्टीवर दिसले. धुक्यात टॉवरला धावपट्टी दिसत नव्हती, जमिनीवरचा रडार नव्हता, आणि ‘उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो’ हा टॉवरचा संदेश आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा दुसऱ्या विमानाचा संदेश एकाच क्षणी निघाले. धाव घेणाऱ्या विमानात दोन्हींच्या जागी मुख्यतः ती शिट्टी पोहोचली. ५८३ माणसे गेली. त्या अपघाताची कारणे अनेक होती आणि नंतर रेडिओवरची भाषा बरीच कडक झाली, पण एका वेळी एकच आवाज ही मर्यादा जिथल्या तिथे आहे. लेखी संदेशांची डेटालिंक आली आहे आणि लांबच्या प्रवासात ती उत्तम चालते. परंतु ढगापासून तीस मैलांवर असताना टंकलेल्या विनंतीला उत्तर येण्याची वाट पाहणारा वैमानिक मला अजून भेटायचा आहे.

आता ‘स्टँडबाय’ या शब्दाविषयी. नियंत्रक हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ होकारही नसतो आणि नकारही नसतो; ‘ऐकले, पण आत्ता जमणार नाही, थांबा’ एवढाच असतो. नवख्या वैमानिकाला त्याचा राग येतो. मलाही येत असे. पण त्यानंतर किती वेळ जातो यावर मी कक्षाची प्रत जोखतो. ९० सेकंदे गेली तर मी १२ मैल ढगाकडे सरकलेलो असतो. जोरदार गडगडाटी ढगापासून २० मैल लांब राहावे असे आम्हांला शिकवलेले असते; म्हणजे ४० मैलांवरून मागणी केली तर उत्तरासाठी माझ्याकडे जेमतेम अडीच मिनिटे असतात. ज्या कक्षात स्टँडबायनंतर तुमचा नंबर खरोखर येतो तो चांगला कक्ष. जिथे दोनदा आठवण करून द्यावी लागते तिथे खुर्चीवरचा माणूस वाईट असतो असे मुळीच नाही. त्याच्यापुढे कोणीतरी त्याच्या आवाक्याबाहेरची विमाने आणून ठेवलेली असतात.

चांगल्या सेवेचा एक नमुना मनात घर करून आहे. संध्याकाळची वेळ, उतरण्याच्या मार्गावर ढगांची लांब रांग, आणि आमच्यासह सात-आठ विमाने एकाच फ्रिक्वेन्सीवर वळण मागत होती. बटणावर बटण दाबले जात होते, शिट्ट्या ऐकू येत होत्या. एक बाई नियंत्रक होत्या. त्यांनी आवाज न चढवता सांगितले की आता कोणीही बोलू नये, मी एकेकाला हाक मारते, ज्याला हाक मारीन त्याने फक्त किती अंश, कोणत्या बाजूला आणि किती मैल एवढेच सांगावे. फ्रिक्वेन्सी क्षणभर इतकी शांत झाली की माझ्या सहवैमानिकाने आवाजाचे बटण तपासले. मग त्यांनी सर्वांत पुढच्या विमानापासून सुरुवात केली. आमची पाळी आली तेव्हा आम्ही मागितलेले डावे वळण मिळाले नाही. उजवीकडे वीस अंश मिळाले, आणि सोबत एक वाक्य: पुढचे विमान चार मिनिटांपूर्वी तिथून गेले, किरकोळ हादरे सांगितले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पाचपैकी पाच गुण देतो. नकाराबरोबर पर्याय आला, पर्यायाबरोबर कारण आले, आणि सगळे मिळून सहा सेकंदांत झाले.

याच्या उलट तक्रार सांगायची तर ती दुसऱ्या एका कक्षाची आहे, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही. वादळ विमानतळावर बसले होते आणि आम्हांला होल्डिंगमध्ये, म्हणजे एकाच जागी घिरट्या घालत, ठेवले होते. होल्डिंगमध्ये विमानांचे मजले असतात. प्रत्येकात १,००० फुटांचे अंतर, खालचे उतरायला निघाले की वरचे एक मजला खाली. किती वेळ लागेल असे विचारल्यावर दहा मिनिटे सांगण्यात आले. दहा मिनिटांनी आणखी दहा, आणि त्यानंतर पुन्हा दहा. पहिल्यांदाच चाळीस मिनिटे सांगितली असती तर मी सरळ पर्यायी विमानतळाकडे वळलो असतो, इंधनही वाचले असते आणि त्या नियंत्रकाच्या यादीतले एक विमानही कमी झाले असते. शेवटी वळलोच, पण तोवर माझ्याकडची निवड पुष्कळ आखडली होती. खराब हवामानात खोटा दिलासा हा या सेवेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक पदार्थ आहे. नियंत्रकाला खरी वेळ माहीत नव्हती हे मला समजते. मग ‘वेळ निश्चित नाही’ असे म्हणावे. त्यानेही निर्णय घेता येतो.

इंधनाचा विषय निघाला आहे तर २५ जानेवारी १९९० ची रात्र आठवल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण, बोइंग ७०७, न्यूयॉर्कच्या वाटेवर खराब हवामानामुळे तीनदा थांबवले गेले. घिरट्यांची बेरीज १ तास १७ मिनिटे झाली. वैमानिकांनी आपल्याला ‘प्राधान्य’ हवे असे सांगितले, पाचएक मिनिटेच थांबता येईल असे सांगितले, आणि ठरवलेला पर्यायी विमानतळ आता गाठता येणार नाही हेही सांगितले. पण हा शेवटचा भाग पुढच्या कक्षापर्यंत पोहोचलाच नाही. आणीबाणी जाहीर करणारा शब्द कोणी उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न वाऱ्याच्या फेरात, म्हणजे वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलल्याने, फसला, दुसऱ्यासाठी इंधन उरले नाही, आणि लाँग आयलंडवर विमान कोसळून १५८ पैकी ७३ जणांचा जीव गेला. त्या रात्री नियंत्रक रिकामे बसलेले नव्हते, डझनावारी विमाने घिरट्या घालत होती. कामाचा भार वाढला की ऐकणारा माणूस अर्थापेक्षा ठरलेल्या शब्दाकडे कान लावतो, आणि तो शब्द आला नाही तर बाकीचे वाक्य गर्दीत मिसळून जाते.

या बाबतीत सेवेत झालेली सुधारणा मी मनापासून वाखाणतो. आता ‘मिनिमम फ्युएल’ या शब्दांना ठरलेला अर्थ आहे: मी याच विमानतळावर उतरणार हे पक्के झाले आहे आणि यापुढे विलंब झाला तर राखीव इंधनाला हात लागू शकेल. ही आणीबाणी नव्हे, पूर्वसूचना. राखीव, म्हणजे जेटसाठी १,५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतके, इंधन मोडावे लागणार असे दिसले की तीनदा ‘मेडे’ हा आणीबाणीचा शब्द आणि मग ‘फ्युएल’ म्हणायचे. गंमत अशी की नियंत्रकांनी ही भाषा चटकन आत्मसात केली. अडखळतो तो आम्हीच. ‘मेडे’ म्हटले की नंतर कागद भरावे लागतील, चौकशी होईल, चारचौघांत बोभाटा होईल अशी भीती वैमानिकाच्या जिभेला अजूनही बांधून ठेवते. सेवेचे गुण कापताना ग्राहकाचा हा दोष तिच्या खात्यावर टाकणे बरे नव्हे.

ज्या बाबतीत मी गुण हात आखडून देणार आहे ती म्हणजे हवामानाचे चित्र. नियंत्रकाच्या पडद्यावरचे आणि माझ्या पडद्यावरचे ढग एक नसतात, हे प्रवाशांना तर सोडाच, नव्या वैमानिकांनाही सांगावे लागते. वाहतुकीवर नजर ठेवणारा रडार विमाने दाखवण्यासाठी बनवलेला असतो; पावसाचे परावर्तन त्याच्या दृष्टीने कचरा, आणि तो कचरा गाळून टाकण्यातच त्याचे कौशल्य. हवामान रडारचे चित्र त्यावर वेगळे चढवतात, पण अनेक केंद्रांची चित्रे जुळवून तयार होणारे ते चित्र काही मिनिटे शिळे असते, आणि वाढत्या ढगाला काही मिनिटे पुष्कळ होतात. माझ्या विमानाच्या नाकातला रडार ताजा असतो, पण त्याच्या लहरी पहिल्याच जोरदार पावसात शोषल्या जातात आणि मागचा ढग त्याला दिसतच नाही. ४ एप्रिल १९७७ रोजी सदर्न एअरवेजच्या २४२ क्रमांकाच्या उड्डाणाने रडारवर विरळ दिसणारी वाट धरली. ती विरळ नव्हती, रडार पलीकडे पाहू शकत नव्हता. पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिने बंद पडली आणि जॉर्जियातल्या एका रस्त्यावर उतरण्याच्या प्रयत्नात, जमिनीवरचे धरून, ७२ जण मृत्युमुखी पडले. धोकादायक हवामानाची ताजी माहिती वैमानिकांपर्यंत वेळेवर पोहोचवण्यात नियंत्रण व्यवस्था तोकडी पडते, अशी नोंद त्या चौकशीत झाली होती. चित्रे सुधारली, रंगीत झाली. पण दोन माणसे दोन वेगवेगळे ढग पाहत एकमेकांशी बोलत आहेत ही मूळ अडचण आजही आहे.

म्हणून पुढच्या विमानाने सांगितलेली दोन वाक्ये मला कोणत्याही पडद्यापेक्षा मोलाची वाटतात. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टाचे १९१ क्रमांकाचे उड्डाण उतरत असताना धावपट्टीच्या तोंडाशी ढग फुगला आणि त्यातून खाली आदळणाऱ्या वाऱ्याच्या झोताने विमान पाडले. १३७ माणसे गेली. त्याच पावसातून त्यांच्या पुढे एक छोटे जेट सुखरूप उतरले होते आणि त्याने वाटेतल्या पावसाविषयी टॉवरला काही कळवले नव्हते. त्यानंतर मोठ्या विमानतळांवर वाऱ्याचा फेर पकडणारे खास डॉप्लर रडार आले, धावपट्टीभोवतीची वारामापकांची जाळी सुधारली, विमानांतही इशारा देणारी यंत्रे आली. जिथे ही यंत्रणा आहे तिथे टॉवर मला उतरण्याच्या परवानगीबरोबर धावपट्टीच्या कोणत्या टप्प्यावर किती नॉट (तासाला सागरी मैल) वेग घटेल किंवा वाढेल हे सांगतो. त्या आकड्यावर मी गो-अराउंड केले आहे, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढलो आहे, आणि मागच्या विमानानेही केले. मागच्याने ते लगेच करावे म्हणून नियंत्रकाने माझा निर्णय त्याला एका दमात ऐकवला, हे विशेष. ज्या कक्षात नियंत्रक असे हवामान गोळा करून पुढे वाटतो तो आपल्या कबुलीच्या चौथ्या कलमाला, म्हणजे उपयोगी माहिती देण्याला, जागतो.

धुक्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे धावपळ नसते, फ्रिक्वेन्सी शांत असते, सगळे सावकाश चालते. भार पडतो तो मनावर, कारण टॉवरमधल्या माणसाच्या काचेपलीकडे काहीच नसते. आंधळ्या उतरणीसाठी धावपट्टीच्या रेडिओ लहरींना जमिनीवरच्या विमानांचा अडथळा चालत नाही, म्हणून येणाऱ्यांमधले अंतर वाढवतात. १४० नॉट वेगाने ३ मैलांवर एक विमान धरले तर कागदावर तासाला ४६ उतरतात. ते अंतर ६ मैल केले की २३. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी अशाच धुक्यात एक छोटे जेट आर-५ या टॅक्सीवेऐवजी (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याऐवजी) आर-६ वर गेले आणि उड्डाण घेणाऱ्या विमानासमोर धावपट्टीवर आले. ११८ मृत्यू. जमिनीवरचा रडार तिथे तेव्हा चालू नव्हता, आणि वैमानिक आपण कुठे आहोत असे सांगतो त्यावर नियंत्रकाला विश्वास ठेवावा लागला. धुक्यात मी टॅक्सीवेचा फलक वाचल्याशिवाय रेडिओवर जागा सांगत नाही. फलक दिसला नाही तर तसे सांगून थांबतो. टॉवर कधीही रागावलेला नाही.

भार वाढला की माणसे वाढवा, सेक्टरचे दोन भाग करा, हा उपाय सगळ्यांना सुचतो. थोडा वेळ तो चालतोही. पण सेक्टर जितका लहान तितका विमानाचा मुक्काम तिथे कमी, फ्रिक्वेन्सी बदलण्याची वेळ अधिक, आणि दोन खुर्च्यांमधले बोलणे वाढते. ढगांमुळे रोज नवी वाट निघत असेल तर ते आणखी वाढते. एका मर्यादेनंतर दुभागणीने काम वाटले जात नाही, त्याला फाटे फुटतात. उलट टोकाला, माणूस कमी असला तर काय होते ते १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दिसले. त्या रात्री हवा चांगली होती, म्हणून ते उदाहरण इथे अंमळ आडवाटेचे आहे. एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, फोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती, आणि उशिरा आलेल्या एका विमानाला उतरवण्यात त्याचे लक्ष अडकलेले असताना दुसऱ्या पडद्यावरची दोन विमाने एकमेकांवर आली. ७१ जण गेले. चांगल्या हवेत एक अनपेक्षित विमान आणि एक बंद फोन एवढे पुरले, हे लक्षात घेतले म्हणजे वादळाच्या दिवशी कक्षात एक खुर्ची राखीव असावी, ब्रिटनसारख्या ठिकाणी आहे तसा जास्तीत जास्त दोन तासांनंतर अर्ध्या तासाचा विसावा कोणी मोडू नये, आणि पाळी बदलताना उठणाऱ्याने चार मिनिटे मागे उभे राहावे, या मागण्या लाडावल्या नोकरदारांच्या वाटणार नाहीत.

राहिली ती सेवा, जिला ग्राहक सर्वांत जास्त शिव्या देतात आणि जिला मी सर्वांत जास्त गुण देतो: जमिनीवर थांबवून ठेवणे. दार बंद झालेले असते, प्रवासी बसलेले असतात, इथे आकाश निळे असते, आणि दीड तासाच्या अंतरावरच्या वादळासाठी आम्हांला उड्डाणाची वेळ ठरवून दिली जाते. युरोपात त्या वेळेच्या आधी ५ आणि नंतर १० मिनिटे एवढीच मुभा असते. मागून कोणीतरी विचारतेच की आकाश तर स्वच्छ आहे. हिशेब मात्र साधा आहे. तासाला ४० विमाने येणार असतील आणि वादळामुळे २५ च उतरू शकणार असतील, तर दोन तासांत ३० विमाने उरतात. ती हवेत उरली तर प्रत्येकाचे इंधन जळते, प्रत्येकजण बोलतो, विचारतो, वळण मागतो, आणि एका माणसाच्या कानात येऊन साचतो. तीच जमिनीवर उरली तर त्या नियंत्रकावर त्यांचा काडीचा भार नसतो. कधी अंदाज चुकतो, वादळ बाजूने निघून जाते आणि आम्ही उगाच तासभर बसलो असे होते. त्या तासाला मी वाया गेलेला म्हणत नाही. छत्री नेली आणि पाऊस आला नाही म्हणून छत्रीवर कोणी रागावत नाही. माझी तक्रार उलट बाजूची आहे. अनेक ठिकाणी हा अटकाव फार उशिरा लावतात, वादळ पडद्यावर आल्यावर, जेव्हा निम्मी विमाने वर गेलेली असतात. मग होल्डिंगचे मजले भरतात आणि त्या संध्याकाळी माझ्यासारखे कोणीतरी ‘आणखी दहा मिनिटे’ ऐकत फिरत राहते. तत्त्वाला पाच गुण, वेळेवर अंमल करण्याला अडीच.

समुद्रावरच्या प्रवासाबद्दल थोडक्यात, कारण तिथे सेवाच विरळ असते. परवानगी वेळेत मिळाली नाही आणि ढग टाळणे भाग असेल तर काय करायचे याचे नियम आधीच लिहून ठेवलेले आहेत: ‘वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड’ म्हटले की फ्रिक्वेन्सीवर अग्रक्रम मिळतो, आणि परवानगीविना ५ मैलांहून अधिक बाजूला जावे लागले तर ३०० फूट वर किंवा खाली सरकायचे. पूर्वेकडे जाणाऱ्याने डावीकडे वळताना खाली, उजवीकडे वळताना वर; पश्चिमेकडे जाणाऱ्याने उलट. ज्या सेवेने आपली गैरहजेरीही एवढी नीट आखून ठेवली तिला मी नावे ठेवणार नाही.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मागणी लवकर करावी, आणि तिच्यात अंश, बाजू, मैल हे तिन्ही असावेत. ‘ढग आहेत, काहीतरी करा’ या वाक्याने फ्रिक्वेन्सीवरची चार सेकंदे जातात आणि पुन्हा प्रश्नोत्तरे होतात. दुसरी गोष्ट मला एका कक्षाला भेट दिली तेव्हा कळली. तिथे प्रत्येक विमानाची कागदी पट्टी प्लॅस्टिकच्या खाचेत ठेवलेली होती, आणि ज्या विमानाला ढगासाठी वळू दिले होते त्याची पट्टी नियंत्रकाने बोटाने किंचित बाहेर ओढून तिरकी केली होती, म्हणजे नजर फिरली तरी याचे काम उरले आहे हे दिसावे. अकरा पट्ट्या होत्या, त्यांतल्या सात तिरक्या. त्यांतले एक विमान ढग मागे टाकून केव्हाच सरळ उडत होते, फक्त ते सांगायला विसरले होते. नियंत्रकाने शेवटी आपणहून विचारले, ‘हो, आता मोकळे आहोत’ असे उत्तर आले, त्याने त्या विमानाला पुन्हा मार्गावर घातले आणि पट्टी सरळ केली. मी तेव्हापासून ढग मागे पडला की न विचारता कळवतो.